तीन बँडचा चार्जिंगवाला रेडिओ, युद्धाच्या बातम्या ऐकायला घेतलेला: घ्यावा का?

आधी सरळ सांगते, सेट बरा आहे, पैसे वसूल होतात, पण डब्यावर जे जे छापलंय त्यातलं अर्धंच खरं धरून चाला. कंपनीचं नाव टाकत नाही कारण डब्यावर एक नाव आहे, सेटवर दुसरं आणि वॉरंटी कार्डावर तिसरंच, आता त्यातलं कुठलं टाकू. बेळगावच्या खडेबाजारात टॉर्च, इस्त्री, मोबाईल कव्हर, डास मारायची बॅट असं सगळं एका छताखाली मिळतं तसल्या एका दुकानातनं घेतला, हजाराच्या आत बसला. एफएम, मिडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह असे तीन बँड, वर ब्लूटूथ, मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, आणि एका बाजूला टॉर्च. टॉर्च एक नंबर. वडगावात पावसाळ्यात लाईट कशी जाते ते इथल्यांना सांगायला नको, त्यामुळं रेडिओपेक्षा टॉर्चच जास्त वापरला जातो असं म्हटलं तरी चालेल.

घेतला मामंजींसाठी. मामंजी म्हणजे माझे सासरे, मराठा लाईट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेत, आता पंचाहत्तरी उलटली, कान तसे शाबूत आहेत पण डोळ्यांना टीव्हीचा त्रास होतो. आणि खरं कारण डोळे पण नव्हे. खरं कारण २०२५ चा मे महिना.

ज्यांच्या घरचं कोणी वर्दीत आहे त्यांना ते दिवस आठवत असतील. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली, मग ७ मे च्या पहाटे ऑपरेशन सिंदूर, आणि पुढचे तीन-चार दिवस टीव्ही म्हणजे नुसता धुमाकूळ. माझ्या नणंदेचा पोरगा पलटणीत आहे, तेव्हा वरच होता (कुठं ते लिहीत नाही, लिहायचं पण नसतं). फोन लागत नव्हता. वन्सं आमच्याकडंच येऊन बसल्या होत्या आणि ८ तारखेच्या रात्री चॅनलवाले कराची बंदर उडवलं, अमुक शहर घेतलं, तमुक जनरलला पकडलं असं एकामागनं एक सांगत सुटले होते, मागं भोंग्याचा आवाज लावून. तो भोंगा ऐकला की वन्सं दचकून उठायच्या. पुढं सरकारनंच चॅनलना सांगितलं की बाबांनो सायरनचा आवाज प्रोग्रॅममध्ये वापरू नका, लोकांना खऱ्या सायरनचं काही वाटेनासं होईल. सकाळी कळलं की कराची जागच्या जागी आहे. कोणी माफी मागितली का? एखाद-दुसऱ्यानं पुटपुटल्यासारखं केलं असेल, बाकी सगळे पुढच्या ब्रेकिंगला लागले.

मामंजी त्या रात्री एवढंच म्हणाले, "बंद कर गे ते. पलटण कुठं पोचली ते आधी ह्यांनाच कळायलंय, मग दुश्मनाला हेर कशाला लागतोय." आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "एक रेडिओ बघ कुठं मिळतोय काय."

तर सेटबद्दल. एफएम ठीकठाक, गाणी लागतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण बातम्यांसाठी घेणार असाल तर एक गोष्ट माहीत असू दे, आपल्याकडं खाजगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, द्यायच्याच तर आकाशवाणीच्या आहेत तशा लावायच्या. म्हणजे काटा कितीही फिरवा, रेडिओवर बातमी शेवटी आकाशवाणीचीच. आणि ती नीट ऐकायची तर आमच्याकडं मिडियम वेव्हशिवाय मजा नाही. धारवाड ७६५ ला खणखणीत लागतं. रात्री आठनंतर पणजी, पुणे, मुंबई एकेक करून वर येतात, दिवसा त्यातलं निम्मं गायब. (मिडियम वेव्ह रात्री लांबून येतं, दिवसा वरचा एक थर ते गिळतो, पोराच्या फिजिक्सच्या पुस्तकात होतं.) हा सेट घेतलात तर त्याला खिडकीत ठेवून गोल फिरवून बघा, कारण मिडियम वेव्हला ती बाहेरची लांब काडी काही कामाची नाही, आत एक काळी फेराइटची कांडी असते तिची दिशा जुळावी लागते. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला तर नुसती घरघर. एलईडी बल्ब घालवला की घरघर निम्मी, इन्व्हर्टरपासून लांब नेला की उरलेली पण गेली. हे दुकानदार सांगत नाही, उलट "सेट खराब हाय, बदलून देऊ काय" म्हणून दुसरा तसलाच काढून ठेवतो.

मामंजी सकाळी कानडी प्रदेश समाचार ऐकतात, मग मराठी, मग हिंदी, तिन्हीत तेच असलं तरी तिन्ही ऐकतात. मी विचारलं एकदा, एकच बातमी तीनदा कशाला, तर म्हणाले एखाद्यात एखादं वाक्य जास्तीचं असतंय.

आता आमचा पोरगा, इंजिनिअरिंगला आहे, त्याला हे सगळं जुनाट वाटतं. तो म्हणाला, अज्जा, आकाशवाणी म्हणजे सरकारच की, मग तुम्ही सरकारनं सरकारबद्दल सांगितलेलं ऐकायलात, त्यात विश्वास कसला? प्रश्न बरोबर आहे. मामंजींचं उत्तर पण मला पटलं, ते म्हणाले, रेडिओ गप्प बसेल पण कराची उडवणार नाही. जे सांगतोय ते तपासून सांगतोय, जे सांगत नाही ते सांगत नाही हे आपल्याला माहीत असतंय. दोघंही बरोबरच. चॅनलवर खोटं ऐकायचं का रेडिओवर अर्धं ऐकायचं, एवढीच निवड होती त्या आठवड्यात. मी अर्ध्याच्या बाजूनं.

त्या दिवसांत एक गोष्ट मात्र चांगली झाली, रोजची ब्रीफिंग. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, सोबत कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग. मोजकं बोलायचे, आवाज न चढवता. आमच्याकडं तर कर्नल कुरेशींचं जास्तीच कौतुक, कारण त्यांचं सासर गोकाक तालुक्यातलं कोण्णूर, म्हणजे बेळगावची सून. आणि तेवढ्यात कुणीतरी एक्सवर टाकलं की त्यांच्या बेळगावच्या घरावर हल्ला झाला, तोडफोड केली. आमच्या लेडीज ग्रुपवर पण ते आलं, कोण्णूरच्या माहेरवाशिणी आमच्याकडं आहेत, त्यांनी लगेच फोन लावले, तिथं काहीच झालं नव्हतं. जिल्हा पोलिसांनी पण ताबडतोब सांगितलं की सगळं खोटं आहे, आणि घराला बंदोबस्त दिला. बघा, शत्रूचं विमान आलं नाही बेळगावात, पण अफवा आली. आणि ती अफवा मोडली ती कुठल्या पुढाऱ्याच्या भाषणानं नव्हे, जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्यानं वेळेत तोंड उघडलं म्हणून. त्याच बाईंबद्दल मध्य प्रदेशातले एक मंत्री सभेत काय बरळले ते सगळ्यांना माहीत आहे, त्यांच्यावर गुन्हा नोंदवा म्हणून हायकोर्टाला स्वतःहून सांगावं लागलं. म्हणजे वर्दीतल्या बाईनं मिळवायचं आणि पुढाऱ्यानं घालवायचं, दोन्ही एकाच आठवड्यात.

मग १० मे. शनिवार होता. संध्याकाळी पोराच्या मोबाईलवर आलं, अमेरिकेचे ट्रम्प म्हणतात भारत-पाकिस्ताननं युद्धबंदी मान्य केली. मामंजींनी पटकन हातात रेडिओ घेतला (तेव्हा हा नवा सेट नव्हता, शेजाऱ्यांचा मागून आणलेला), तिथं काही नाही. मग सहाच्या सुमारास मिस्री आले आणि दोन मिनिटांत सांगून गेले की दोन्हीकडच्या डीजीएमओंचं (सैन्याच्या कारवाया बघणारे मोठे अधिकारी) बोलणं झालं, पाच वाजल्यापासून गोळीबार बंद. वन्संनी देवापुढं दिवा लावला. मामंजी मात्र तोंड पाडून बसले. मला वाटलं लढाई थांबली म्हणून नाराज, पण तसं नव्हतं. म्हणाले, "थांबली ते चांगलंच झालं. पण आपल्या पोरांची लढाई थांबली हे परक्याच्या तोंडून आधी ऐकायचं व्हय?" पंतप्रधान बोलले ते १२ तारखेला रात्री आठ वाजता. सरकारनं नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं की मध्यस्थी कुणाची नव्हती, पाकिस्तानच्या डीजीएमओचाच फोन आला होता. असेल, मी नाही म्हणत नाही. पण पहिलं वाक्य जो बोलतो त्याचं लोकांच्या डोक्यात बसतं, नंतर दहा खुलासे करा.

ह्यावर मी बराच विचार केला कारण आम्ही बेळगावकर पुढाऱ्यांवर भरवसा ठेवायच्या बाबतीत तसे पोळलेले लोक. १९५६ ला आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं, १९६६ ला सीमावादावर महाजन आयोग नेमला, १९६७ ला त्यानं रिपोर्ट दिला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस आहे, आणि मधल्या काळात मुंबईचे आले, बेंगळुरूचे आले, दिल्लीचे आले, सगळ्यांनी टाळ्या घेतल्या आणि गेले. आमच्या गल्लीत कुठल्याही पक्षाचा पुढारी काही बोलला की पहिलं वाक्य असतं, "बोलतोय बोलू दे." पण लढाई लागली की हीच गल्ली एका रात्रीत बदलते. सरकारवर एक शब्द ऐकून घेत नाही. ह्याचं कोडं मला पडायचं.

मला वाटतं तो भरवसा पुढाऱ्यावरचा नसतोच. तो भरवसा कॅम्पातल्या परेड ग्राउंडवर घाम गाळणाऱ्या पोरांवरचा असतो, खानापूर-चंदगडच्या घरांतल्या फोटोंवरचा असतो, आणि पुढारी तो उसना नेतो. उसनं द्यायला आमची कधी ना नाही, वाटी भरून देतो, मोजत पण नाही. पण उसनं नेलेलं परत करायचं असतं एवढं तरी नेणाऱ्याला माहीत पाहिजे. परत म्हणजे काय, तर लढाई संपल्यावर हिशोब. काय चुकलं, कुणाचं चुकलं, किती गेले. लढाई चालू असताना नको, पोरं आपलीच असतात तिथं, पण नंतर तरी.

मामंजींच्या घरात ह्या उसनवारीचा पुरावा आहे, खरंच आहे. त्यांच्या आईची एक बुगडी. एकच. दुसरी १९६२ ला गेली. चीनची लढाई लागली तेव्हा गावोगाव संरक्षण निधीला सोनं गोळा करत होते, मामंजी बारा वर्षांचे, शाळेतनं मास्तर पोरांना घेऊन घरोघर फिरायचे. आईनं कानातली एक बुगडी काढून दिली आणि एक ठेवली, म्हणाली दोन्ही दिल्या तर तुझ्या बायकोला काय घालू. (ती राहिलेली शेवटी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, पण घातली नाही, एका कानात कोण घालणार.) गावात तेव्हा चावडीवर एक रेडिओ, त्याच्याभोवती सगळं गाव. नेहरूंचं भाषण लागलं की भाषा निम्म्या लोकांना कळायची नाही पण आवाज पडलेला आहे हे सगळ्यांना कळायचं. तिकडं आसामात त्यातल्याच एका भाषणाचा अर्थ लोकांनी असा घेतला की दिल्लीनं आपल्याला सोडलं, आणि तो राग अजून निघतो म्हणतात.

पण नेहरूंचं एक मानायला पाहिजे. लढाई चालू असताना, ८ नोव्हेंबर १९६२ पासून संसद बसवली. वाजपेयी तेव्हा तरुण, राज्यसभेत, त्यांनी मागणी लावून धरलेली. गुप्त बैठक घ्या असं काहींनी सुचवलं तर नेहरूंनी नको म्हटलं, उघड बोला म्हणाले, आणि स्वतः बसून शिव्या खाल्ल्या. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण शाळेपासून ऐकतोय. इथं सीमाभागात त्याच यशवंतरावांवर लोकांचा राग पण होता, बेळगाव का आणलं नाही म्हणून, तरी ते दिल्लीला निघाले तेव्हा मामंजींच्या गावानं पेढे वाटले. मी म्हणते ते हेच, राग एका खात्यात आणि लढाईचा भरवसा दुसऱ्या.

आणि मग हिशोब? हेंडरसन ब्रूक्स आणि भगत ह्या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली, १९६३ ला अहवाल दिला. यशवंतरावांनी लोकसभेत त्याचा सारांश सांगितला, अहवाल काही ठेवला नाही. तो अजून बंदच आहे, २०१४ ला एका परदेशी पत्रकारानं त्यातला काही भाग इंटरनेटवर टाकला तेवढाच. मधे किती सरकारं आली, काँग्रेसची, जनता पक्षाची, भाजपची. विरोधात असताना मागणाऱ्यांनी सत्तेत आल्यावर पण उघडला नाही. बुगडी देणारी बाई कधीच गेली.

शास्त्रीजींची गोष्ट वेगळी, त्यांच्याबद्दल मामंजी बोलायला लागले की सेट बाजूला ठेवतात. १९६५. धान्य कमी, अमेरिकेचा गहू, त्यात लढाई. शास्त्रींनी सांगितलं आठवड्यातनं एक वेळ जेवू नका, आधी स्वतःच्या घरात करून बघितलं आणि मग लोकांना सांगितलं. सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद असायची. मामंजींच्या घरात तसंही सोमवारी रात्री पोटभर असायचंच असं नाही, पण म्हणतात आधी ती उपासमार वाटायची, मग तो उपवास झाला. आता कुठल्या पुढाऱ्यानं सांगितलं तर आम्ही एक वेळचं बंद करू काय? माझी सासू म्हणते, तो आधी त्याचं बंद करून दाखवू दे की. झालं, विषय संपला.

१९७१ ला मामंजी स्वतः वर्दीत, पूर्वेकडं. त्यांच्या ट्रंकेत तेव्हाचं घरनं आलेलं एक पत्र आहे, मास्तरांच्या हातचं अक्षर, म्हैस व्याली, रेडकू झालं, काळजी करू नकोस, आणि त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट, वर रेफ्युजी रिलीफ छापलेलं. बांगलादेशचे निर्वासित आले तेव्हा सरकारनं १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालाला पाच पैसे जादा लावले होते. मला ते तिकीट फार आवडतं. निर्वासितांचा खर्च किती आणि माझ्याकडनं किती, हे पत्र टाकणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं, लपवाछपवी नाही. १६ डिसेंबरला इंदिराबाईंनी लोकसभेत ढाक्याची बातमी सांगितली, ९३ हजार माणसं शरण. तेव्हा त्यांच्यावर लोकांचा किती जीव होता ते मामंजींच्या पिढीला विचारा. आणि त्याच बाईंना १९७७ ला खुद्द रायबरेलीत लोकांनी पाडलं. युद्ध जिंकलं म्हणून पुढचं सगळं माफ, असं आपल्या लोकांनी केलेलं नाही. इंग्लंडात पण तेच, हिटलरला हरवलं मे १९४५ ला आणि जुलैच्या निवडणुकीत चर्चिलचा पक्ष आपटला. लोकांनी लढाईचं श्रेय दिलं आणि घरांसाठी, दवाखान्यांसाठी दुसऱ्याला मत दिलं. ह्याला मी कृतघ्नपणा म्हणत नाही.

कारगिलला त्यातल्या त्यात हिशोब झाला. लढाई जुलै १९९९ ला संपली आणि त्याच महिन्यात वाजपेयींनी सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली, फेब्रुवारी २००० मध्ये अहवाल संसदेत आला, काही भाग काळे करून का होईना पण आला. घुसखोर आलेले कळलेच नाहीत, गुप्तचर खात्यात गोंधळ होता, हे सरकारनंच नेमलेल्या लोकांनी छापील लिहून दिलं. म्हणून कोणी सैन्याला नावं ठेवली? अजिबात नाही. पोरं अजून कारगिल दिवसाला मिरवणूक काढतात.

आणि २०२५ ला? विमानं पडली का हा प्रश्न विचारणाऱ्याला आमच्या ग्रुपवर पाकिस्तानी म्हणून झालं. ११ मे ला हवाई दलाच्या अधिकाऱ्यानं एवढंच म्हटलं की लढाई म्हटली की नुकसान आलंच. मग ३१ मे ला सीडीएस, म्हणजे संरक्षण दलांचे प्रमुख, जनरल चौहान यांनी मान्य केलं की विमानं गेली, आकडा दिला नाही, पण का गेली ते शोधून दोन दिवसांत चूक सुधारली असं सांगितलं. माणूस सरळ बोलला, मला आवडलं. पण कुठं बोलला? सिंगापुरात, परदेशी वृत्तसंस्थेला. सुप्रियाताई, थरूर वगैरेंची शिष्टमंडळं देशोदेशी जाऊन बाजू मांडून आली, चांगलंच केलं, पण आपली संसद त्यावर बसली जुलैच्या शेवटी. वन्संचा पोरगा लढला आणि त्याची माहिती सगळ्या जगाला आधी, वन्संना मागनं. मामंजी ह्याला "उलटं वाढप" म्हणतात, पाहुण्यांच्या आधी शेजारच्या गावाला.

पोरगा ह्यात युक्रेनचं घेऊन आला. त्याला त्याचा नाद आहे कारण आपल्या हावेरी जिल्ह्यातला मेडिकलचा मुलगा खारकीव्हला १ मार्च २०२२ ला मारला गेला, तेव्हापासून तो फॉलो करतो. झेलेन्स्कींवर भरवसा आहे म्हणणारे मे २०२२ ला ९० टक्क्यांच्या आसपास होते, डिसेंबर २०२४ ला ५२ वर आले, हे कीव्हच्याच संस्थेचे आकडे. मग ट्रम्प म्हणाले त्याला चारच टक्के लोक मानतात, तर तिकडचा आकडा उलटा चढला. बाहेरच्यानं नावं ठेवली की घरचे एक होतात, हे आपल्याला नवीन नाही. पण मला त्यातलं खरं आवडलेलं वेगळंच. जुलै २०२५ ला त्यांच्या सरकारनं भ्रष्टाचार पकडणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणांचे पंख कापायचा कायदा केला, २२ तारखेला सही झाली, आणि ड्रोन पडत असताना लोक रस्त्यावर उतरले, जखमी सैनिक पण. ३१ तारखेला कायदा मागं. म्हणजे शत्रूशी लढणारा म्हणून पाठीशी आहोत, पण घरातली पेटी उघडायला घेतलीस तर हात धरू. आपल्याकडं असं काही करायला गेलं तर पहिला प्रश्न येईल, ही वेळ आहे का. तिकडं तर वेळ आपल्यापेक्षा कितीतरी वाईट होती.

वन्संना ह्यातलं काही पटत नाही, तेही सांगते. त्या म्हणतात, "हिशोब घेऊन मी काय करू, माझं पोरगं सुट्टीवर आलं, मला पोचलं." त्यांच्यापुढं मी वाद घालत नाही. घालायचा अधिकार पण नाही. फक्त एवढंच की पोरगा आला तेव्हा त्यानं मामंजींना गच्चीवर नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं, खाली आल्यावर दोघंही गप्प, आणि त्या दिवशी मामंजींनी बातम्या लावल्या नाहीत.

परत सेटकडं येते, नाहीतर म्हणाल रेडिओ राहिला बाजूला.

खटकणाऱ्या गोष्टी. बॅटरीचं झाकण म्हणजे विनोद आहे, दुसऱ्यांदा उघडलं तर खाच तुटली, आता रबर लावलंय. बॅटरी जुन्या साध्या नोकिया मोबाईलची असते तसली, ती मात्र सोय आहे, कुठंही मिळते. चार्जिंग डब्यावर लिहिलंय तेवढं टिकत नाही, आवाज मध्यम ठेवला तर सकाळ-संध्याकाळच्या बातम्या धरून दोन दिवस, टॉर्च वापरला तर एक. चार्जिंगला लावून मिडियम वेव्ह ऐकता येत नाही, चार्जरचीच घरघर येते. शॉर्ट वेव्ह नावाला आहे. मामंजींना वाटलं बीबीसी हिंदी लागेल, पूर्वी पलटणीत आकाशवाणीचं ऐकून झालं की ताळा करायला सगळे तेच लावायचे, पण ते रेडिओवरनं जानेवारी २०२० मध्येच बंद झालं. आता शॉर्ट वेव्हवर जास्त करून चिनी बोलणं लागतं, मामंजी म्हणतात हे तर १९६२ पासून लागायलंय.

आणि चालू केल्यावर एक बाई मोठ्यानं इंग्लिशमध्ये काहीतरी ओरडते, ब्लूटूथ मोड का काय ते, पहाटे पाचला सगळं घर जागं. तिचा आवाज कमी करायची सोय नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ताई सवय होईल. झाली नाही.

ॲपबद्दल पण विचाराल म्हणून, न्यूज ऑन एअर ॲपवर सगळी केंद्रं मिळतात, आवाज पण स्वच्छ, नेट असेल तर पोरांसाठी तेच बरं. म्हाताऱ्या माणसांना मात्र फिरवायचं चाकच पाहिजे, टच स्क्रीनवर बोट ठेवलं की त्यांचं तिसरंच काहीतरी उघडतं. चाक असलेलाच मॉडेल घ्या, बटणांचा डिजिटल दाखवतील, तो नको, त्यात अंधुक लागणारं स्टेशन तो आपोआप सोडून देतो, आणि आमच्यासारख्यांना तर अंधुकच जास्त लागतात.

माझ्याकडनं पाचात साडेतीन. घेताना दुकानातच मिडियम वेव्हवर धारवाड लावून बघा, झाकण दोनदा उघडून बघा, आणि वॉरंटी कार्डावर तारीख घालून शिक्का मारून घ्या, मी नुसतं कार्ड आणलं तर आता झाकण बदलून द्यायला तयार नाहीत. बेळगावात ती झाकणं सुटी कुठं मिळत असतील तर खाली कळवा.